लवूबुवांचा गळा माझ्या पोटात

या, जरा पुढे सरका. मागच्यांनीही या. गोष्ट लहानच आहे, पण कान देऊन ऐका.

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. कमरेला पट्ट्याने बांधायचा. भाजीच्या गाडीवर 'कांदे-बटाटे' ओरडतो ना, त्याच जातीचा. माझं भाग्य थोर, म्हणून मला लवूबुवा परबांनी घेतलं. बुवा कांदिवलीचे कीर्तनकार. बोरिवलीचा केतन दर रविवारी वसईच्या किल्ल्यात पायी फेरी काढायचा आणि बुवा माहिती सांगायचे.

किल्ला कसला, तटाच्या आत वसलेलं अख्खं बंदरगाव! आता सगळं पडकं. पण बुवांनी आख्यान लावलं की बाजार भरे, तोफा धडधडत, गलबतांची शिडं दिसू लागत. देवाचं नाव घेणाऱ्या त्या गळ्याची सेवा मला मिळाली होती.

त्याच गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज उरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. केतन म्हणाला, "बुवा, पूर्ण फेरी रेकॉर्ड करून ठेवू. आठवण म्हणून."

"देव तुझा बरा करो रे झिला!" बुवांचे डोळे भरले. मधल्या वारी दोघेच किल्ल्यात गेले. भुई दरवाज्यापासून बंदर दरवाज्यापर्यंत बुवा जीव ओतून बोलले. ते सगळं माझ्या मेमरी कार्डात उतरलं, आणि मी केतनकडेच राहिलो.

ऑपरेशन झालं. त्याच रविवारी केतनने मला प्रियंका नावाच्या मुलीच्या कमरेला बांधलं. तिने चालायचं, मी बोलायचं.

दोन महिन्यांनी बुवा स्वतः आले. गळ्याला मफलर. आवाज नसला तरी फेरीत काहीतरी काम मिळावं, निदान लोकांसोबत राहता यावं, एवढीच आशा.

"अहो बुवा, तुम्ही कशाला उन्हात?" केतन हसला. "मस्त चाललंय. लोकांना फरकच कळत नाही, यार."

बुवांनी हात जोडून खूण केली, मागून चालतो.

बंदर दरवाज्याशी मी 'हर हर' म्हणालो आणि थांबलो. 'महादेव' मंडळींनी म्हणायचं, म्हणून बुवांनी तेवढी जागा सोडली होती. मंडळी फोटो काढत होती. मागून बुवांनीच तोंड उघडलं. मफलरखालून नुसती घरघर आली.

शर्मिष्ठा नावाच्या बाई वळल्या. "आजोबा, प्लीज! ते बुवा किती सुंदर सांगतायत. ऐकू द्या ना!"

"चढव गं," केतन प्रियंकाला म्हणाला. तिने बटण फिरवलं. मी गर्जलो, मित्रांनो. त्यांच्याच आवाजात त्यांच्यावर गर्जलो. मला दुसरं काही येतच नाही.

बुवा मान खाली घालून दरवाज्याबाहेर पडले. पुन्हा आले नाहीत.

पुढे माझा पट्टा तुटला. तो आवाज नव्या स्पीकरात गेला, मी खोक्यात. त्याचं दुःख नाही. एकच मागणं आहे. त्या फेरीला गेलात, तर 'वा' म्हणण्याआधी विचारा, हा गळा कोणाचा? आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा लवू परबांचं नाव घ्या. लवकर घ्या. ते अजून आहेत.