किलीनचं शेत

उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅनाच्या त्या पॅरिशमध्ये, चर्चच्या हद्दीतल्या गावात, प्रत्येक शेताला नाव होतं, आणि वरदाला नावांचे अर्थ विचारायची खोड. शेजारच्या ब्रिजीआजी, वय एक्क्याऐंशी, कुंपणाला रेलून सांगत: ड्रमकोल म्हणजे हेझलच्या झाडांचा उंचवटा, अ‍ॅना म्हणजे पाणथळ. पण वरदा आणि तिचा डॉक्टर नवरा गिरीश यांनी घर बांधायला घेतलेल्या शेताचं, किलीनचं, नाव काढलं की आजी म्हणत, "चहा टाकू का ग?"

गुरुवारी सकाळी पाया खणायला डिगर गेटातून आत आला. मागोमाग ब्रिजीआजी आल्या, घरातल्या सपातांवर, चिखल तुडवत. कोपऱ्यातल्या काटेरी झाडाखाली, पाच-सहा दगडांपाशी उभ्या राहिल्या.

"वरदा, तूच बोल," गिरीश म्हणाला. "डिगर आज गेला तर परत तीन आठवडे मिळणार नाही."

"आजी, गारठाल. काय झालं?"

"काही नाही. जमीन तुमची आहे."

ड्रायव्हर इथलाच. लोखंडी पंजा वर धरून तो नुसता खाली बघत बसला होता.

"आजी, किलीन म्हणजे काय?"

"बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांची जागा. चर्चच्या मातीत त्यांना घेत नसत. आमचा धाकटा भाऊ तासभर जगला. बाबांनी लोण्याच्या खोक्यातून आणला. आईला त्याच्यावरचा दगड दाखवला नाही. मी लपून बघितलं."

"अहो, मग साइट घेतानाच सांगायचं ना," गिरीशचा आवाज चढला.

"हे इथे कुणी बोलत नाही, डॉक्टर. माहीत असतं सगळ्यांना."

"मॅपवर काही नाहीये. प्लॅनिंग पास झालंय. वरदा, पाया बराच अलीकडे आहे."

"आणि ड्रेन? त्याचा चर तर या दगडांखालूनच जातो."



"आमच्याकडेही तान्ह्याला अग्नी देत नाहीत," वरदा हळूच म्हणाली. "माझ्या आईचं पहिलं बाळ नदीकाठी पुरलं. कुठे, ते तिला सांगितलं नाही. त्या काठाने जाताना ती अजून पाऊल बघून टाकते. गिरीश, मी इथून हलणार नाहीये."

ती जाऊन आजींशेजारी उभी राहिली. इंजिन घरघरत होतं. गिरीशने दोघींकडे पाहिलं, मग डिगरकडे निघाला. तो पोचायच्या आतच ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

तसाच वळून गिरीशने विचारलं, "आजी, किती आहेत इथे?"

"कोण मोजणार? कुंपणापर्यंत असतील."

त्याने कुंपणापर्यंत नजर नेली.

"मग घर इथे नाही होणार," तो म्हणाला.