साफ केलेला चेहरा

रविताने खाकी कागद फाडला नाही. चिकटपट्टी नखाने उचकटून तिने तो घडी न मोडता बाजूला ठेवला, आणि फ्रेम दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात आईसमोर धरली. सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं, पदराने हात पुसले, चष्मा चढवला आणि बराच वेळ फोटोकडे पाहिलं.

"कोन होय हा?" त्यांनी विचारलं.

आई थट्टा करते आहे असं वाटून रविता हसली. पण सुलोचनाबाई थट्टा करत नव्हत्या. त्या खरंच उत्तराची वाट पाहत होत्या.

"बाबा होय, माय."

त्यांनी फ्रेम जरा जवळ ओढली. कपाळ ओळखीचं होतं. मधोमध पाडलेला भांग, मोठे कान, गळ्यापर्यंत लावलेली शर्टाची बटणं, सगळं त्यांच्याच माणसाचं होतं. "हं," एवढंच म्हणून त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

रविताचे बाबा बिसराम हिवाळ्यात वारले होते. त्यांचा फोटो असा घरात नव्हताच. चर्चमध्ये नाताळला सगळ्यांचा मिळून फोटो निघायचा, तेव्हा ते नेमके बाकं उचलायला नाहीतर चुलीवरचं पातेलं बघायला गेलेले असायचे. शेवटी मतदानाच्या ओळखपत्रावरचा तेवढा सापडला, अंगठ्याच्या नखाएवढा.

फोटो न काढण्याचं कारण गोंदियात त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं गाव सौंदडच्या पलीकडे, जंगलाला लागून. ऐन तारुण्यात, मोहाच्या दिवसांत, पहाटे फुलं वेचायला गेले असताना पिल्लं घेऊन आलेल्या अस्वलीने त्यांना धरलं. चेहऱ्याची डावी बाजू कानशिलापासून हनुवटीपर्यंत फाटली. डोळा वाचला, पण पापणी कायमची अर्धी मिटली. गाल शिवला, तेव्हा ओठाचं टोक कानाकडे ओढलं गेलं. त्या बाजूने पाहिलं तर ते सतत कशाला तरी हसत आहेत असं वाटायचं. मिशनच्या दवाखान्यात ते कितीतरी महिने होते. बरे झाल्यावर गावी परत गेलेच नाहीत. दवाखान्याच्या फाटकावर चौकीदार म्हणून राहिले, तिथेच बाप्तिस्मा घेतला, तिथेच लग्न केलं.

रविताला ते सायकलवर शाळेत सोडायचे. शाळेच्या अलीकडे कडुनिंबाचं झाड होतं. तिथे तिला उतरवायचे आणि सायकल वळवायचे. तिथे थांबा असं तिने कधी म्हटलं नव्हतं, आणि पुढे येऊ का असं त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

आता ती स्वतः प्राथमिक शाळेत शिकवत होती. मे महिन्याची सुट्टी होती, आणि रविवारी तुमसरहून पाहुणे येणार होते. मुलगा रेल्वेत होता, त्याची आणि तिची पसंती झालेलीच होती. आता त्याचे आईवडील घर बघायला येणार होते. समोरच्या खोलीत बाबांचा फोटो हवा, असं तिला वाटलं आणि ती ओळखपत्र घेऊन बाजारातल्या स्टुडिओत गेली.

स्टुडिओत राजदीप नावाचा तरुण कंप्युटरवर बसायचा. नवीनच शिकला होता, आणि हात चांगला होता. फोटो पडद्यावर मोठा झाला, तेव्हा त्यानेच विचारलं की दीदी, हे साफ करू का. रविताने नाही म्हटलं नाही. मग त्याने चांगला असलेला उजवा गाल उचलला, उलटा केला आणि डावीकडे नेऊन बसवला. डोळाही तसाच. ओठ सरळ केला. थोड्या वेळात पडद्यावर एक देखणा, शांत माणूस तिच्याकडे पाहत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा आता जिथे आहेत तिथे असेच दिसत असतील, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी तिने आईला तेच सांगितलं. देवाघरी कोणाच्या अंगावर डाग राहत नाही, सगळं नवं होतं, लहानपणापासून आपण हेच ऐकत आलो ना, असं ती म्हणाली.

"असन," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांनी कणकेचा गोळा परातीत दोनदा फिरवला. "पन मी ह्या मानसाले कधी पाह्यलंच नाही."

रविता आईसमोर येऊन बसली.

"मी दवाखान्यात आया होतो," त्या म्हणाल्या. "त्याईले आनलं तवा पूर्ण डोकं पट्टीत होतं. डॉक्टरबाईनं पट्टी सोडली, तवा भांडं धरून मीच उभी होतो. सोडली तं असेच होते. त्याच्याआधीचे कसे होते, मले मालूम नाही."

फोटो लावू नको असं त्या म्हणाल्या नाहीत. रविताने खिळा ठोकला आणि फोटो भिंतीवर लागला. त्यानंतर मात्र सुलोचनाबाई भाजी चिरायला समोरच्या खोलीत बसेनाशा झाल्या. चौकटीतल्या गृहस्थाला उगाच अवघडल्यासारखं होऊ नये, अशा बेताने त्या त्याच्यासमोरून जायच्या.

गुरुवारी स्वर्गारोहणाचा, म्हणजे येशू स्वर्गात गेल्याचा दिवस होता. नाताळ आणि ईस्टरला भरणारं चर्च त्या दिवशी रिकामंच असतं. कामाचा दिवस, त्यात उन्हाळा. संध्याकाळच्या उपासनेला पुढच्या दोन बाकांपुरती माणसं होती. पंख्याच्या आवाजात पाळकसाहेबांचं बोलणं अधूनमधून बुडत होतं. ते वयाने तरुण होते, बिसरामचा दफनविधी त्यांनीच केला होता. ते सांगत होते की लोकांना हा दिवस निरोपाचा वाटतो, प्रभू आपल्याला इथे सोडून गेला असं वाटतं. पण तो जुना शर्ट काढून टाकावा तसं शरीर इथे टाकून गेला नाही. मरियेच्या पोटी जे अंग त्याला मिळालं, त्याच अंगाने तो पित्याकडे गेला. म्हणून आज पित्याच्या उजव्या हाताला आपल्यातला एक माणूस बसलेला आहे. आणि तो तिथे आहे म्हणून आपल्यालाही तिथे जागा आहे.

उपासना संपली, माणसं पांगली. सुलोचनाबाई बाकावरच बसून होत्या. रविताने त्यांच्या खांद्याला हात लावला, तरी उठल्या नाहीत. पाळकसाहेब दिवे मालवायला निघाले होते. ते जवळ आले आणि तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी विचारलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "वर गेला तवा त्याच्या हाताचे घाव बुजले होते का?"

पाळकसाहेबांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. मेलेल्यांतून उठलेलं शरीर गौरवी असतं, त्याला वेदना नसतात, मरण नसतं, असं ते म्हणाले आणि मध्येच थांबले. विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याला तर त्याने घाव दाखवले होते. पण ते डोंगरावरून स्वर्गात जाण्याच्या आधी. त्यांनी हातातलं बायबल उघडलं आणि उभ्या उभ्याच वाचत राहिले. पंखा फिरत होता. रविताला वाटलं, आईने कशाला हे विचारलं.

"इथे लिहिलंय की त्याने हात वर केले," ते सावकाश म्हणाले. "हात वर करून आशीर्वाद दिला. आणि आशीर्वाद देता देताच तो वर घेतला गेला."

बोलता बोलता त्यांनी स्वतःचेच हात वर केले, रविवारी उपासनेच्या शेवटी करतात तसे, तळवे त्या दोघींकडे. आणि ते आपल्याच हातांकडे पाहत राहिले.

"म्हणजे शिष्यांना शेवटचं दिसलं ते हेच," ते म्हणाले. "तळहात."

"खिळ्याचे," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"हो. दुखत नसतील. पण होते." त्यांनी हात खाली घेतले. "आणि मग ते लोक आनंदाने गावात परतले, असं पुढे आहे. मी दरवर्षी हे वाचतो. आपला माणूस नजरेआड झाल्यावर कोणी आनंदाने घरी कसं येईल, हे मला कधी नीट समजलं नाही."

सुलोचनाबाईंनी मान हलवली. थोडा वेळ त्या वेदीकडे पाहत राहिल्या.

"शेवटपर्यंत ओळखू आला असन," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

रेल्वेचा पूल ओलांडून दोघी घरी आल्या. वाटेत फोटोचा विषय निघाला नाही. रविवारी पोहे करायचे की उपमा, एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रविताने फोटो भिंतीवरून काढला, त्याच खाकी कागदात गुंडाळला आणि ती स्टुडिओत गेली. पहिल्यासारखा करून दे, असं तिने राजदीपला सांगितलं. त्याला वाटलं, काम आवडलं नाही. त्याने जुनी फाइल उघडून दाखवली. ओळखपत्रावरचा तो इवलासा फोटो मोठा केला की डाव्या गालावर नुसता काळा डाग दिसत होता. व्रण कुठे सुरू होतो, कुठे संपतो, काही कळत नव्हतं.

"असा लावला तं शाई सांडल्यासारखा दिसते, दीदी," तो म्हणाला. "म्हनून तं साफ केला."

"मग हाताने काढ. मी सांगते."

ती त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली. कुठून सुरू करू, असं त्याने विचारलं. रविताने डोळे मिटले आणि बोट स्वतःच्या डाव्या कानशिलावर ठेवलं. इथून, ती म्हणाली. इथून खाली, सरळ नाही, जरा नाकाकडे. इथे दोन फाटे. एक बारीक, तो कानाच्या पाळीजवळ संपतो. दुसरा रुंद, त्याच्या दोन्ही कडांना टाक्यांचे खड्डे. इथे गाठ आहे, ज्वारीच्या दाण्याएवढी. तिचं बोट न थांबता उतरत होतं, आणि राजदीप एकदा तिच्या बोटाकडे, एकदा पडद्याकडे पाहत माऊस ओढत होता. हे सगळं आपल्याला कसं ठाऊक, याचं तिलाच नवल वाटत होतं. मग तिला आठवलं. बाबांच्या मांडीवर पडून झोप येईपर्यंत त्या शिवणीवर बोट फिरवायची सवय होती तिला. शाळेत जायला लागली आणि ती सवय कधी सुटली, ते घरात कोणालाच कळलं नव्हतं.

"ओठ अजून वर घे," ती म्हणाली.

राजदीपचा हात थांबला. "लोक भितील, दीदी."

"भितील. मग सवय होते."

त्याने ओठ वर घेतला. पडद्यावरचा देखणा माणूस निघून गेला आणि बाबा एका बाजूने हसू लागले.

शनिवारी सकाळी सुलोचनाबाई नळावरून पाण्याने भरलेला पितळी गुंड घेऊन आल्या, तेव्हा रविता स्टुलावर चढून फोटो लावत होती. कमरेवरचा गुंड तसाच धरून त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पाणी हिंदकळून त्यांच्या पायांवर सांडलं.

"जरा उजवीकडे घे," त्या म्हणाल्या. "कलला आहे."

त्या दिवशी भाजी समोरच्या खोलीतच चिरली गेली.

रविवारी उपासनेनंतर पाहुणे आले. मुलाची आई सुशिलाबाई बोलक्या होत्या. वडील यादोराव रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधून निवृत्त झालेले, हाडाने मोठे आणि बोलायला अगदी कमी. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि बशी हातात आल्यावर मुकाट्याने पोहे खाऊ लागले. सुशिलाबाईंनी शाळेबद्दल, पगाराबद्दल, स्वयंपाकाबद्दल विचारलं. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली आणि कप ओठांपाशीच थांबला.

"यांना हे काय झालं होतं?" त्यांनी आवाज उतरवून विचारलं.

हा प्रश्न रविताला नवा नव्हता. शाळेत, कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी तिने त्याचं एकच उत्तर दिलं होतं. ॲक्सिडेंट. त्यावर कोणी पुढे विचारत नसे.

"अस्वलीनं," ती म्हणाली.

आणि मग तिने सगळं सांगितलं. पहाटेचा अंधार, मोहाची टोपली, पिल्लं आडवी आलेली कळलीच नाहीत ते. गालावर धोतर दाबून धरत ते स्वतःच्या पायांनी गावापर्यंत कसे आले ते. हे तिने आजवर बाहेरच्या कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे सांगताना पुढचं मागे होत होतं. सुलोचनाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. धोतर नव्हे, डोक्याचा गमछा होता, असं त्यांनी मध्येच दुरुस्त केलं. पुढे डॉक्टरबाईचं आणि पट्टीचं त्यांनीच सांगितलं.

सगळं ऐकून झाल्यावर सुशिलाबाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी मुलीची रास वगैरे आपल्या ख्रिस्ती लोकांत पाहत नाहीत ते बरंच आहे, असं काहीतरी म्हटलं. घरी जाऊन बोलतो आणि चार दिवसांत कळवतो, असंही म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला मघाचा मोकळेपणा गेला होता. सुलोचनाबाईंना ते जाणवलं. रविताने कपबशा गोळा केल्या.

पाहुणे बाहेर पडले. ऑटो फाटकाशी उभा होता. सुशिलाबाई आत बसल्या, तरी यादोराव आले नाहीत. त्यांनी एक चप्पल पायात घातली होती. ती काढली आणि ते परत खोलीत गेले. फोटोसमोर उभे राहून त्यांनी एकदा नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मोठे, ओबडधोबड हात जोडले.

"येतो मग, व्याही," ते म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण दार उघडं होतं. बाहेर सुशिलाबाईंनी ऑटोवाल्याला जरा थांबायला सांगितलं आणि पदर सावरत त्या खाली उतरल्या.