कपाटातला दिवा

"ताई, इथली हवा म्हणजे नुसतं औषध. तुझा दमा कुठल्या कुठे पळेल बघ," असं छोट्याने बहिणीला फोनवर सांगितलं होतं. छोट्या सत्तरीला टेकलेला, व्हायोलिनं दुरुस्त करून पोट भरणारा माणूस. त्याला छोट्या म्हणणारी आता जगात ती एकटीच उरली होती. तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. तेव्हा हिवाळा होता आणि हिवाळ्यात त्या शहरात जमिनीकडून कोरडं वारं वाहतं. पुढच्या महिन्यांचं त्याने सांगितलं नाही, इतकंच. बायको गेल्यापासून घर खायला उठत होतं, आणि पाव-अंडी खाऊन जीव विटला होता.

ताई आली. घरात फोडणीचा वास आला, बोलणं आलं. मग वारं फिरलं. समुद्राकडून दमट हवा आत घुसली, मिठाला पाणी सुटलं, दारं फुगून चौकटीत बसेनात. ताईच्या छातीत शिट्या वाजू लागल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई उखडल्याच. "ही छाती घेऊन समुद्रकाठी राहायचा सल्ला दिला कोणी तुम्हाला?"

"कोणी नाही हो, मीच हट्ट धरला. हा बिचारा नको नकोच म्हणत होता," ताई धापा टाकत म्हणाली.

छोट्या नुसता भिंतीवरच्या चित्रातली फुप्फुसं बघत बसला.

घरी परतल्यावर ताई दम खायला त्याच्या कामाच्या खोलीत टेकली. व्हायोलिनांच्या कपाटाच्या फटीतून उजेड येत होता.

"भर दुपारी दिवा कशाला रे जाळतोस?"

"ऊब राहते. नाहीतर या दिवसांत लाकूड ओल धरतं, सांधे सुटतात..."

"दरवर्षी लावतोस?"

"दरवर्षी."

"जपतोस हो!" ती म्हणाली. आवाजात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने अगदी मनापासून कौतुक केलं होतं.

"ताई, उद्याचं तिकीट काढतो. तू घरी जा."

तिचा चेहरा उतरला. "कंटाळलास होय? मी फार बोलते, कळतं मला. रेडिओही मोठ्याने लावते."

आता गप्प बसणं म्हणजे दुसऱ्यांदा फसवणं होतं.

"तसं नाही गं. या हवेचं मला सगळं ठाऊक होतं. फोन केला तेव्हाही. सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

ताईने कपाटाकडे पाहिलं.

"आले असते की, वेड्या," ती म्हणाली. "हिवाळ्यापुरती आले असते. दर हिवाळ्याला आले असते. नुसतं ये म्हणायचं होतंस."

यापुढच्या हिवाळ्यांचं ती काहीच बोलली नाही, आणि विचारायचं त्याचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी तो तिचं सामान भरायला बसला. समुद्राकडच्या खोलीत खुंटीवर टांगलेल्या तिच्या शालीवर बुरशीचे पांढरे ठिपके आले होते. रोज तो त्या खोलीत तिला चहा नेऊन देत होता. शाल कधी दिसली नव्हती. त्याने ती पुसली, दोन व्हायोलिनं उचलून बाहेर टेबलावर ठेवली आणि त्यांच्या जागी दिव्याजवळ शाल पसरली.

सकाळी शाल कोरडी झाली होती. वास मात्र गेला नव्हता. ताईने ती तशीच खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "ऊन ऊन आहे हो!"