मनात कुणाविषयी काही नाही

पिठावर एक बुडबुडा आला, टरारला आणि फुटला... मग दुसरा. उद्या मिशनच्या देवळात वाटायची प्रभुभोजनाची भाकर करायची पाळी सगुणाबाईची होती, आणि माडी घालून भिजवलेलं पीठ वर उचललेल्या ओल्या फडक्याखाली चुळबुळत होतं. मिशनच्या मडमेला दारूचा कोण तिटकारा! पण भाकर फुगते ती माडीनं, हे इतक्या वर्षांत तिला सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. सगुणाबाईला हसू आलं. तसं तर ते सकाळपासूनच येत होतं — भाजीवाली जनी कुंपणापाशी टोपली टेकून म्हणाली होती, "बाय, मिरजोळ्यास्नं तुमच्या भावानं निरोप सांगितलान. दुपारचा येतोय म्हनं."

सखाराम! चौदा वर्षांनी! विधवा झाल्यावर ती मिशनच्या शाळेत शिकायला आली, बाप्तिस्मा घेतला, आणि तिकडे या सख्ख्या भावानं अंगणात तिच्या नावानं पाण्याची घागर भरली, पायानं उलथली, अंघोळ केली आणि बहीण मेली म्हणून गावाला सांगितलं. आई पुढच्याच वर्षी गेली. मला कळलं ते तेरावं उरकल्यावर...

आणि आज तो येणार. रडेल, हात जोडेल. मग आपण म्हणायचं, "दादा, मी तुला केव्हाच क्षमा केलीय." हे वाक्य तिनं वेणी घालताना दोनदा म्हणून पाहिलं होतं; दुसऱ्यांदा ते जास्त चांगलं जमलं. खरं सांगायचं तर तिला जिंकायचं होतं.

आज शनिवार, चार वाजता तयारीची सभा. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मंडळीतल्या प्रत्येकानं उभं राहून सांगायचं — माझ्या मनात कुणाविषयी काही नाही. असेल तर तसं सांगायचं, आणि पाळकसाहेब म्हणतील तर दुसऱ्या दिवशी भाकरीला हात लावायचा नाही. चौदा वर्षं ती खणखणीत आवाजात सांगत आली होती. खोटं बोलतोय असं कधी वाटलंच नाही. त्यानं मला मारलं, मीही त्याला मारून टाकलं, आणि मेलेल्या माणसाविषयी मनात काय असायचं?

तीनच्या सुमाराला चिऱ्याच्या गडग्यापलीकडे, कुंपणाबाहेर, तो उभा दिसला. केवढा वाळला होता! त्याच्यामागे हनुवटीपर्यंत पदर ओढलेली एक मुलगी.

"दादा, आत ये ना."

"नको. इथंच बरं." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ही माझी मालन. नवरा गेला गो हिचा, फाल्गुनात. सासरच्यांनी सोमवारी न्हावी सांगितलाय. पंधरा वर्षांची पोर... तिला ठेवून घे. शिकव, तुझ्यासारखी."

तुझ्यासारखी! म्हणजे आता आठवली होय बहीण? घागर कुठं गेली? आणि आई... शब्द अगदी जिभेवर आले; आधी माफी माग, मग पोरीचं बघू. मागेल बिचारा, मागेलच, नडलाय तो — ती तोंड उघडणार तोच तिला मालनची मूठ दिसली. पदराबाहेर आलेलं वेणीचं टोक पोरीनं गच्च धरून ठेवलं होतं.

खिडकीजवळची खाट हिला द्यावी. निळं लुगडं हिला होईल. सोमवारपासूनच आपल्या वर्गात बसवायची, अक्षरओळख असेल तर पहिलीत नको... विचार असे भराभरा येत होते, आणि ते घोटलेलं वाक्य कुठं गेलं, पत्ता नव्हता!

"ठेवते," ती म्हणाली. "दमलात दोघं. पाणी आणते."

"मालन घेईल." सखाराम चाचरला. "माझं... माझं राहू दे."

काळजाचा तुकडा बहिणीच्या हाती देतोय, आणि तिच्या हातचं पाणी नको! तिला खदखदून हसू फुटलं, आणि नवल म्हणजे ते हसू कुठंच कडू नव्हतं.

"वळणावर गोखल्यांची विहीर आहे दादा. आपल्या हातानं काढून पी. उन्हातनं आलायस, गटागटा पिऊ नको हो."

त्यानं तेव्हा कुठं तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि विहिरीच्या दिशेनं चालू लागला. माफी नाही, काही नाही. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना तिच्या मनात आलं — आई गेली तेव्हा यानं का नाही कळवलं? दुखतंय. अजून दुखतंय! म्हणजे चौदा वर्षं मनात होतं, आणि चौदा वर्षं देवासमोर उभी राहून मी...

देवळाची घंटा वाजू लागली. आज उभं राहून सांगायचं, आहे. माझ्या भावाविषयी माझ्या मनात आहे, आणि माझ्यावर दया करा. लोक माना वळवून बघतील. पाळकसाहेब उद्या प्रभुभोजनाला बसू देतील की नाही, कोण जाणे. पोरीचा हात धरून ती जवळजवळ पळतच निघाली.

"आत्या, हळू!" मालन म्हणाली.

पण सगुणाबाईला आज पहिल्यांदाच त्या सभेला जायची घाई झाली होती.