गोलाची कड

वडिलांच्या सुतारकामाच्या दुकानात दोघी बहिणी काम करायच्या. थोरलीला सगळे ताईच म्हणत. करवत, रंधा, काटकोन तपासायचा गुण्या तिच्याकडे. सरळ कडांचं सगळं काम तिचं. धाकटी बबी लेथवर. जे जे गोल, ते तिचं. ताई बारा वर्षं लाकूड कापत होती, बबी दुकानात चार वर्षांपूर्वी आली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ताई मनात म्हणायची. तोंडाने कधी म्हणाली नाही.

अंध मुलांच्या शाळेतल्या बाईंनी भूमितीसाठी लाकडी आकार सांगितले होते: घन, सूची, वृत्तचिती, शंकू आणि गोल. "मुलं बोटांनी बघणार," बाई म्हणाल्या. "कडा, कोपरे, सपाट बाजू मोजणार. काम चोख हवं."

ताईने घनावर दोन दिवस घालवले. सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. एक कोपरा केसभर हलला तरी बाकीचे सात चहाडी करतात. सूचीने तर घाम काढला. चार त्रिकोण वर एकाच टोकाला भेटायला हवेत, आणि ते चार भावांसारखे. एकमताने भेटतील तर शपथ.

बाई माल बघायला आल्या. घन उचलून "छान" म्हणाल्या आणि खाली ठेवला. गोल मात्र तळहातांत घोळवत बसल्या.

"कुठे अडकतच नाही हो बोट. कोणी केला?"

"आमच्या बबीने," वडील म्हणाले. "तिच्या हातात जादू आहे."

ताई भुसा झाडत राहिली. बारा कडा सांभाळल्या तिने, आणि कौतुक कशाचं, तर ज्याला एकही कड नाही त्याचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बबी खोकी आणायला गेली. वडील जेवून आडवे झाले होते. ताईने गोल हातात घेतला. कुठे खोट सापडते का म्हणून बराच वेळ फिरवला. सापडली नाही. तेव्हा तिने कानस घेतली आणि एकाच जागी चार-पाच वेळा फिरवली, वर काचपेपर मारला, मेण चोळलं. नखाएवढी सपाटी झाली, सहज नजरेला न येणारी. हेही काम आपण इतकं चोख केलं, याचं तिला मागाहून फार वाईट वाटलं.

माल पोचवायला दोघी गेल्या, तर बाईंनी त्यांना वर्गातच बसवून घेतलं. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीपुढे आकार ठेवले.

"शंकू. एक सपाट बाजू, एक वक्र, वर टोक," मुलगी म्हणाली. "ही वृत्तचिती. सपाट बाजू दोन, टोक नाही." घन तिने सावकाश फिरवला, बाराही कडा मोजल्या. "आठ कोपरे, सगळे सारखे टोचतात. ज्यांनी केला त्यांना घाई नव्हती."

ताईने मान वर करून तिच्याकडे बघितलं. तोवर मुलीने पुढचा आकार उचलला होता.

"बाई, हा गोल नाही."

"का गं?"

"याला सपाट बाजू आहे, छोटीशी. तिच्याभोवती कड पण आहे. टेबलावर ठेवा, थांबेल."

बाईंनी ठेवला. थोडा डुलला आणि थांबला.

बबीचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी राहिलं असेल, बाई. नवीन करून देते."

गप्प बसणं ताईला अगदी सोपं होतं.

"तिचं काही राहिलं नाही," ती म्हणाली. "मी कानशीने घासलंय. मुद्दाम."

"कशाला?" मुलीने विचारलं.

"तिचं कौतुक झालं म्हणून."

मुलीने मान डोलावली. "भाऊ गायला लागला की मी पण खोकते."

वाटेत बबी ताईच्या चार पावलं पुढे चालली. दुकानात पोचल्यावर म्हणाली, "भांडायचं होतंस ना, ताई. हे कसलं?" मग म्हणाली, "बाबा कौतुक माझं करतात. पण मोठं काम आलं की जमेल का, ते तुलाच विचारतात. मला एकदाही विचारलं नाही. म्हणून मी कधी तुझा गुण्या वाकवला?"

पाच दिवस अबोला होता. सहाव्या दिवशी बबीने नवा गोल ताईच्या हातात दिला आणि तिला एकटीलाच शाळेत धाडलं.

ताईचं जळणं थांबलं असं नाही. पण आता पोटात दुखलं की ती बबीला तसं तोंडावर सांगते. बबी लेथ न थांबवता म्हणते, "दुखू दे."