मुंडकं की शेपूट

सासऱ्यांच्या घरामागचा जंगलाचा उतार तोडायला मिळाला, तर थोरल्या जावयाच्या लाकूडगिरणीला कित्येक वर्षं कुणाच्या दारात जायला नको होतं. शिवाय धाकट्या जावयाचं नाक कापलं जाणार होतं, आणि खरं सांगायचं तर हा नफा त्याला लाकडापेक्षा गोड होता.

धाकटा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. त्याचं म्हणणं, या उताराच्या ओल्या मातीत बोटभर जाडीचा, गांडुळांवर जगणारा एक दुर्मीळ साप बिळं करून राहतो. झाडं गेली की माती वाळेल आणि साप संपेल. वनखात्याचे साहेब म्हणाले, "साप दाखवा, तोड थांबवतो." धाकट्यानं पाचोळा उपसून उपसून नखं झिजवली. हाती लागली ती नुसती गांडुळं.

"काय मास्तर, साप रजेवर गेला का?" थोरला भरल्या ताटावर विचारायचा.

"तुमची चाहूल लागली की खोल जातो. शहाणा आहे."

दोघी बहिणी खाली मान घालून वाढत राहायच्या.

परवान्यावर सही करायला साहेब आले आणि पुढच्या खोलीत चहा घेत बसले. थोरला मागच्या दारानं चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात शिरला. साहेब आल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तंबाखूची डबी धाकट्यापुढे आदळली.

"घ्या तुमच्या लाडक्याचं मुंडकं! होता तो एकच. फावड्याच्या एका घावात उडवला."

धाकट्यानं डबी उघडली. पांढराफटक पडला, मग हळूच म्हणाला, "आणि धड?"

"गेलं वळवळत मातीत."

"मुंडक्यावाचून? रस्ता कुणी दाखवला त्याला?"

थोरल्यानं वाकून डबीत पाहिलं.

"साडूबुवा, ही शेपूट आहे. बोथट, खरखरीत, अगदी तोंडासारखी. वैरी नेमका तिथंच घाव घालतो. या जातीची ओळखही तीच. कुठं मारलात म्हणालात?"

"आपल्याच उतारावर! खोटं वाटतं? चला, दाखवतो!"

"दाखवा," असं म्हणत साहेबच दारात येऊन उभे राहिले. पेनाला टोपण लावलेलं होतं.

परवाना बारगळला. उतार वाचला. धाकट्याची कॉलेजात वाहवा झाली, साहेबांना वरून शाबासकी आली. थोरल्याचं गावभर हसं झालं, पण गिरणी काही बंद पडली नाही. लाकूड त्यानं दुसरीकडून आणलं.

किंमत मोजली ती ज्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं त्यांनी. मातीनं माखलेल्या त्या शेपटीनंच साप मागून बिळाचं तोंड बुजवायचा. ते उघडं राहिलं, मुंग्या आत शिरल्या. धाकट्याला पुढं नुसता सांगाडा सापडला. आणि थोरल्या लेकीला नवऱ्यानं बजावलं, "त्या घराची पायरी चढलीस, तर या घराची उतरायची."

ती चढली नाही.