उजव्या पायाची शिवण

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान जिन्यावर, आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी जिन्याच्या विरोधात. चढताना ती नुसती कुरकुरायची, उतरताना उघड भांडायची. मास्तरांनी तिचे सगळे लाड केले. तेल चोळलं, पट्टा बांधला, पाय दिवसभर उशीवर ठेवला आणि दुकान तेवढ्यापुरतं मेहुण्यावर सोपवलं.

मेहुणा मदतीला तत्पर. इतका की आधी त्याने कात्रीची जागा बदलली, मग आरसा हलवला, आणि परवा बहिणीला सहज म्हणाला की भाऊजींनी आता घरीच बसून बटणं लावावीत, दुकान कायमचं तोच बघेल. त्याने कापलेली कॉलर गिऱ्हाइकाच्या एका कानाशी कुजबुजायला जायची. मास्तरांना खरं दुखत होतं ते हे, गुडघा त्यानंतर.

शेवटी बायकोने त्यांना फिजिओथेरपिस्ट बाईंकडे ओढत नेलं. बाईंनी वाटीकडे जेमतेम पाहिलं. पाय लांब करून गुडघा खाली दाबायला सांगितला आणि मांड्या चाचपल्या. डावी टणक झाली. उजवीला कोणी काही सांगितलंय, हेच तिच्या गावी नव्हतं.

दुखतंय ते जरा खाली, असं मास्तरांनी अदबीने सुचवलं. बाई म्हणाल्या, ठाऊक आहे. पण वाटी चालते मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या ओढीवर. ओढ नीट असेल तर ती आपल्या खाचेतून सरळ सरकते, कमी पडली की घासते. दुखतं म्हणून पाय उशीवर, आणि पाय उशीवर म्हणून मांडी आणखी दुबळी.

"उजवी मांडी कधीपासून उतरलीय, काका?"

मास्तरांना कल्पना नव्हती. बायकोला होती.

"यांची पँट उजवीकडे ढगळ व्हायला लागली, तर यांनी आतून शिवण घेतली. दोनदा. मला म्हणाले, कापड सैल पडलंय."

बाईंनी हसू गिळलं आणि टेप शोधू लागल्या. टेप मास्तरांच्याच गळ्यात होती. अख्ख्या पेठेच्या मांड्या मोजल्या, तेवढी स्वतःची राहिली होती.

व्यायाम इतके साधे निघाले, की आजाराचा अपमान व्हावा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं, पाय सरळ उचलायचा, पुढे बुटक्या पाटावर चढउतार. मास्तर कुरकुरत करत राहिले. उशी बायकोने परत पलंगावर नेली.

असे काही महिने गेले, आणि एका सकाळी पँट उजव्या मांडीवर अडली. मास्तरांनी कुणाला हाक मारली नाही. लहान कात्री घेऊन बसले, घेतलेली शिवण उसवली, पँट चढवली आणि जिना चढले. वाटी एकदा कुरकुरली, ती सवयीने.

मेहुणा त्यांच्या खुर्चीत होता. तो उठला. मास्तरांनी आरशाचं एक टोक धरलं, त्याने दुसरं, आणि आरसा जुन्या जागी गेला.

"भाऊजी, गुडघा कसाय?"

"गुडघ्याला काही झालंच नव्हतं," मास्तर म्हणाले. "तू बस. बटणं लाव."